मोरीपाशी उतरायचं

१

नर्सबाई आल्या त्या भांडायच्या पवित्र्यातच. इंजिन बंद करायच्या आधीच खिडकीतून म्हणाल्या, "मिस्त्री, 'जुनी गाडी आहे, असं व्हायचंच' हे सोडून काय बोलायचं ते बोला. ते ऐकून माझे कान किटलेत."

"मी अजून तोंड उघडलंय का बाई?"

"आधीच्या दोघांनी उघडलं होतं." त्या खाली उतरल्या. "सपाटीवर छान पळते. टेकडीचा चढ लागला आणि जरा पाय दाबला, की मरगळते. काल एका ट्रकला ओव्हरटेक करायला बाहेर काढली आणि ऐन वेळी तिचा जीव गेला. समोरून दुसरा ट्रक. मागं पिल्लू." त्यांनी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं.

पिल्लू म्हणजे त्यांची मुलगी, नुकती शाळेत जायला लागलेली. ती अजून मागच्या सीटवरच होती. अख्खी सीट मोकळी असताना ती दाराला चिकटून, गुडघे आवळून बसली होती. गच्च भरलेल्या बसमध्ये आपण बसतो तशी.

"अगं, मधे बस की ऐसपैस," मी म्हटलं. तिनं नुसती मान हलवली.

"हल्ली अशीच बसते," बाई म्हणाल्या. "मिस्त्री, सोमवारपासून माझी बदली टेकडीपलीकडच्या हॉस्पिटलात होतेय. पाळणाघरही तिथंच आहे. म्हणजे रोज हिला घेऊन तो चढ. गाडी मामानं दिलेली, दुसरी घ्यायची ऐपत नाही. मला एवढंच सांगा, ही गाडी मला दगा देणार नाही ना?"

मी हो म्हणालो. पण खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. ते ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीकडे होतं.

२

त्या खिडकीच्या काच फिरवायच्या हँडलला मूळची मूठ नव्हती. तिथं शिलाई मशीनच्या खणाची लाकडी मूठ बसवलेली होती, आणि ती माझ्या वडिलांनी बसवलेली होती.

बाबा शिलाई मशीनं दुरुस्त करायचे. जगातली कुठलीही मोडलेली वस्तू शिलाई मशीनच्या सुट्या भागांतून नीट होते, असं त्यांचं ठाम मत होतं. आई म्हणायची, संसार सोडून. आमची गाडी त्यांनी कुणाकडून तरी जुनीच घेतली होती. तेव्हा ती साईच्या रंगाची होती. आता निळी झाली होती, सीटची कव्हरं बदलली होती, आणि म्हणून आधी ओळखू आली नाही. मूठ दिसल्यावर मात्र शंका उरली नाही. बाई पिल्लूला घेऊन रिक्षाचं बघायला रस्त्यावर गेल्या तेव्हा मी दार उघडून ती मूठ हातात धरून उभा राहिलो. माझ्या तळव्यात ती आता जेमतेम मावत होती, म्हणजे खरं तर तळवाच मोठा झाला होता.

ती खिडकी माझी. दुसरी ताईची. मधे आमचा धाकटा, दोघांच्या चिमट्यांच्या टप्प्यात. पुढं आई. असे सगळे भरले की गाडी चढ चढायची नाही. इंजिनात दमच नव्हता. त्यामुळे आमच्या घरची एक रीतच पडली होती. चढाच्या पायथ्याला एक मोरी आहे, पावसाचं पाणी रस्त्याखालून जायला बांधलेली. त्या मोरीपाशी बाबा गाडी थांबवायचे, मागं वळायचे आणि म्हणायचे, "चला, उतरा रे. तिला श्वास घेऊ द्या."

मग आम्ही उतरायचो. आधी ताई, तिच्यामागून धाकटा, मग आई, आणि सगळ्यांत शेवटी मी, कारण काच वर करायचं काम माझं. बाबा एकटे गाडी घेऊन वर जायचे आणि आम्ही चालत. घरी आईच्या तोंडून गाणं कधी ऐकलं नाही, त्या चढावर मात्र ती गायची. पाहुणे नाहीत, चूल नाही, ऐकायला फक्त आम्ही. वर पोचलो की बाबा बॉनेटला टेकून उभे दिसायचे. मग उतरलो त्याच क्रमानं परत चढायचं. कुठं जायचो ते आता नीट आठवत नाही. तो चढ तेवढा अजून पायांना आठवतो.

बाई परत आल्या तेव्हा हे सगळं तोंडाशी आलं होतं. गिळलं. गिऱ्हाइकाच्या गाडीवर हक्क सांगू नये, हीसुद्धा बाबांचीच शिकवण.

३

पिकअप जाण्याची कारणं काही डोंगराएवढी नसतात. पेट्रोल कमी पडतं, हवा कमी पडते, ठिणगी कमी पडते, नाहीतर झालेली ताकद चाकापर्यंत पोचत नाही. मी शिस्तीत सुरुवात केली. कार्बोरेटर उघडून जेट फुंकले. पेट्रोलची गाळणी बदलली, पंप तपासला. प्लग, पॉइंट, टायमिंग बघितलं. सायलेन्सर तुंबला असेल म्हणून सोडवून झटकला. क्लच घसरत नव्हता. सगळं इतकं ठणठणीत होतं की मला रागच आला. रोग्याला दुखतंय आणि तपासण्या सगळ्या चांगल्या, असं झालं की डॉक्टरलाही येत असेल.

शेजारचा वेल्डर अधूनमधून डोकावत होता. या माणसाला स्वतःचं काम सोडून सगळ्यांच्या कामात रस. "काय मिस्त्री, दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला चाललंय का?"

"तू तुझी भोकं बुजव."

दुपारी गाडी टेकडीकडे काढली. सपाटीवर ती लोण्यासारखी पळाली. मोरी ओलांडली, चढ लागला, पाय दाबला आणि ती बसली. बंद नाही पडली, धक्के नाही दिले. मी कान दिला. उपाशी इंजिन खोकतं, अडखळतं. हे खोकत नव्हतं. हे कण्हत होतं, पाठीवर पोतं घेतलेला हमाल कण्हतो तसं. इंजिन कमी पडत नव्हतंच. गाडी जड पडत होती.

म्हणजे ब्रेक चिकटत असणार. मला एकदम हायसं वाटलं. परत येऊन चारी चाकं जॅकवर उचलली आणि हातानं फिरवली. भिरभिरी फिरावी तशी फिरली.

४

मला चैन पडेना. पुन्हा गेलो, या वेळी वेल्डरला स्कूटरवरून मागोमाग यायला सांगितलं. मोरीपाशी गाडी थांबवली आणि खाली उतरलो. गॅरेजात मागचं चाक आणि मडगार्ड यांच्यामधे माझी चार बोटं आरामात जात होती. इथं दोन बोटं कशीबशी गेली.

"डिकीत काय भरलंयस?" वेल्डर म्हणाला.

डिकी उघडून दाखवली. स्टेपनी आणि एक फडकं.

"मग स्प्रिंगचे पाटे गेलेत तुझे."

"पाटे गेले तर गॅरेजातही गेलेलेच असतील ना रे?"

त्यानं बिडी पेटवली. मी मागच्या दाराची काच बघत होतो. बाहेर लख्ख ऊन होतं, आणि काच आतून धुरकटली होती. पूर्ण नाही. एका ठिकाणी, खाली, एखादं पोर काचेला नाक लावून बाहेर बघतं तेवढ्या उंचीवर. मी दार उघडून तिथं बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

"दमट हवा आहे," मी म्हणालो. वेल्डरनं बिडी विझवली आणि स्कूटरला किक मारली. परत जाताना तो माझ्या पुढं निघून गेला, एरवी तो कधी मला सोडून जात नाही.

५

संध्याकाळी ताईला फोन लावला. ती दुसऱ्या गावात असते, सांधे सोडले तर धडधाकट. गाडी सापडली म्हटल्यावर फोनमधून ओरडलीच.

"ती? अजून आहे? अरे, मला वाटलं तिचे केव्हाच डबे-बादल्या झाले असतील! मोरी आठवते का तुला? मी धाकट्याला कडेवर घेऊन चालायचे, मेला दगडासारखा जड होता."

"आठवते ना. ताई, तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीये? असं का विचारतोस?"

"सहज."

धाकट्यालाही विचारलं. तो परदेशात आहे, दारातला बर्फ उपसत होता, मजेत होता. फोन ठेवला आणि मी मनाशी हिशेब मांडला. आई-बाबा गेले, मान्य. पण ताई आहे. धाकटा आहे. मी तर चहा पीत इथं बसलोय. जिवंत माणसांची भुतं होत नाहीत. तेव्हा हे भुताखेताचं काही नाही, हे सिद्ध झालं, आणि त्यानं मला रेसभरही बरं वाटलं नाही. भूत असतं तर निदान नाव तरी देता आलं असतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळीच एकटा निघालो. बायकोला म्हटलं, जेवायला येतो. मोरीपाशी थांबलो. आजूबाजूला कोणी नाही ना बघून घेतलं, कारण पन्नाशीला टेकलेला माणूस रिकाम्या गाडीशी बोलताना दिसला तर त्याच्याकडे पुन्हा कोणी गाडी आणणार नाही. मग मागं न वळता म्हणालो, "चला, उतरा रे. तिला श्वास घेऊ द्या."

आवाज माझाच होता, पण ढब बाबांची आली.

काही झालं नाही. स्वतःचंच हसू आलं. आणि मग गाडी डावीकडून किंचित उचलली गेली. ताईची बाजू. पाटा करकरला. मग मधून थोडी. मग पुढची, माझ्या शेजारची सीट हलकेच फुगली, कोणी उठल्यावर फुगते तशी. मग बराच वेळ काही नाही. मग माझ्या पाठीमागे काच वर चढल्याचा आवाज आला आणि गाडी सरळ उभी राहिली.

मी गिअर टाकला. ती गाडी चढ असा चढली की काय सांगू. पाय नुसता टेकवला होता.

वर थांबलो. थांबणारच, त्यात विचार करण्यासारखं काय होतं? भीती वाटत होती, नाही असं नाही. पण त्याहून जास्त मला आनंद होत होता, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. थोड्या वेळानं गाडी डावीकडे बसली. मग मधे. मग शेजारची सीट खचली. मग माझ्या पाठीमागे. मागं पोरं दमून श्वास घेतात तसा श्वास होता, आणि आईच्या केसांच्या तेलाचा वास. मी आरशात बघितलं नाही. बघितलं तर मोडेल असं वाटलं. मी फक्त बसून राहिलो. जरा वेळ.

खिडकीवर कोणीतरी थापा मारत होतं. वेल्डर होता. त्याच्यामागं स्कूटरवर माझी बायको, रडवेली. ऊन कलून टेकडीच्या पलीकडे गेलं होतं. माझे पाय लाकूड झाले होते आणि जीभ टाळ्याला चिकटली होती.

"दिवसभर शोधतोय आम्ही तुम्हाला," बायको म्हणाली. "झोपला होतात का?"

"आत्ताच तर थांबलो," मी म्हणालो. ते खरं होतं, आणि तेच भयंकर होतं.

७

त्या रात्री मी काहीबाही ठरवत होतो. बाईंना सांगावं, गाडीत दम नाही, मोडीत काढा. आणि मग मोडीतून मी उचलावी. मागच्या अंगणात ठेवावी. रोज थोडा वेळ बसावं. थोडाच.

पण थोडा म्हणजे किती, ते माझ्या हातात राहिलं नव्हतं, हे मी बघितलं होतं. बायकोनं माझं ताट वाढलं आणि समोर बसून मी किती घास खातो ते बघत राहिली. इतक्या वर्षांत ही बाई मला कधी घाबरली नव्हती.

सकाळी नर्सबाईंचा फोन. "मिस्त्री, झाली का? उद्या सोमवार." मागून पिल्लूचा आवाज येत होता, काहीतरी बडबडगीत. मला ती दाराला चिकटलेली दिसली. एवढंसं पोर, बिचारं आपल्या परीनं जागा करून देत होतं. कोणासाठी, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आणि अशाच एखाद्या दिवशी तिच्या आईनं वर दोन मिनिटं गाडी थांबवली तर?

"संध्याकाळी न्या," मी म्हणालो. "होऊन जाईल."

रोग मला केव्हाच कळला होता. इलाजही कळला होता. वजन उतरवायचं, आणि परत चढू द्यायचं नाही.

८

मोरीपाशी पोचलो तेव्हा सकाळचं कोवळं ऊन होतं. मी बाबांचं ते वाक्य म्हणालो. ते उतरले. आधी ताई, मग धाकटा, मग आई. मी वाट बघत होतो शेवटच्याची. तो रेंगाळला, नेहमीसारखा. काच वर गेली. गाडी हलकी झाली.

"येतो," मी म्हणालो. कशाला म्हणालो कोण जाणे. मी येणार नव्हतो.

चढाच्या मध्यावर आलो तेव्हा मी आरशात बघितलं. आता मोडायचंच होतं, मग बघायला काय हरकत? रस्त्याच्या कडेनं कोणीतरी चालत होतं. चेहरे दिसत नव्हते, ऊन पाठीमागून होतं. एक बाई, पदर खोचलेला. एक वेण्यांची मुलगी, कडेवर ओझं. त्यांच्या चालण्यात घाई नव्हती. आणि बरंच मागं, एक पोरगा. त्यानं एका पायातला बूट हातात घेतला होता आणि लंगडत येत होता. खडा गेला असणार. तो पायाखाली बघत होता. गाडीकडे बघायची त्याला गरजच वाटत नव्हती.

माथा आला. पाय सवयीनं ब्रेककडे गेला. मी तो उचलला आणि अ‍ॅक्सिलरेटर खालपर्यंत दाबला.

गाडी उसळली. इतकी सुरेख ओढ तिनं बाबांच्या हातात कधी घेतली नसेल. मागं एक हाक आल्यासारखं वाटलं, बारीक, पोराची. रागाची नव्हती. चुकून पुढं गेलात, एवढंच सांगणारी. मी काच वर केली आणि उतार संपेपर्यंत मोठमोठ्यानं रडलो. मला लाज वाटली नाही. ऐकायला कोणी नव्हतं.

९

संध्याकाळी बाई चढावर चक्कर मारून आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "मिस्त्री, ही तीच गाडी आहे? काय होतं हो?"

"ब्रेक जरा धरत होता."

मागच्या सीटवर पिल्लू आडवी झाली होती, पाय पसरून. तिला झोप लागली होती. बाईंनी दोन्ही हात जोडले आणि गेल्या. दिवे वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहिलो. काम चोख झालं होतं, तक्रार परत येणार नाही, याची मला खात्री होती. अजून आलेली नाही.

टेकडीपलीकडे काही काम निघालं तर मी आता खालच्या रस्त्यानं, वळसा घालून जातो. वेल्डर चिडवतो, पेट्रोल फुकट मिळतं का म्हणून. मी हसण्यावारी नेतो. आई समजून घेईल. ताई धाकट्याला काहीतरी सांगून गप्प बसवेल. पण तो शेवटचा वर पोचल्यावर कडेच्या दगडावर बसला असेल, बूट घालून, लेस बांधून, तयार. वर येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकून तो उठत असेल. त्याला मी चांगला ओळखतो. तो कंटाळणार नाही.